पाच फळ्यांचं पाणी

शेवंतीकाकीचा दिवस रोज पाऊण तास पुढे सरकायचा. आज ती सकाळी दहाला बांधावर गेली असेल, तर उद्या पावणेअकराला जाणार, परवा साडेअकराला. जेवण, अंघोळ, झोप, सगळं त्यामागोमाग सरकत जायचं. तिच्या घरात घड्याळ नव्हतं. भिंतीवर दिनदर्शिका होती, आणि तिच्यातही ती फक्त तिथी बघायची.

"तिथीची पाऊणपट कर. जो आकडो येता ती भरतीची येळ," तिने मला एकदा सांगितलं. "तुझ्या पुस्तकांत नाय ता?"

पुस्तकात होतं. पण मी कपाटातून पुस्तक काढेपर्यंत ती बांधावर पोचलेली असायची.

ती माझी शेजारीण. मी गावच्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. आमची दोन घरं वाडीच्या टोकाला, त्यांच्यापुढे फक्त खाजण. खाजण म्हणजे खाडीच्या कडेची सखल, खारट जमीन. खाडीचं पाणी आत येऊ नये म्हणून जुन्या लोकांनी बांध घातला, पावसाळ्यात आत भात केलं आणि कापणी झाली की तिथेच पाणी धरून ठेवलं. त्या पाण्यावर थंडीत पाखरं उतरायची. शीळ घालणाऱ्या अडया बाराही महिने असायच्या, बाकीची बदकं उत्तरेकडून यायची. बांधाला दार एकच होतं. जांभ्याच्या दोन खांबांना खाचा पाडलेल्या आणि त्या खाचांत किंजळीच्या लाकडाच्या फळ्या एकावर एक बसवलेल्या. फळी चढवली की पाणी वाढायचं, काढली की ओहोटीबरोबर खाडीत जायचं. हे दार राखण्याचा मान काकीच्या सासऱ्यांचा. पुढे नवऱ्याकडे आला, तो बोटीवर गेला तो परत आला नाही, तेव्हापासून काकीकडे.

ती ठेंगणी होती, कमरेत थोडी वाकलेली. लुगडं गुडघ्यावर खोचलेलं, पोटऱ्यांवर वाळलेल्या चिखलाची करडी रेघ. त्या रेघेवरून त्या दिवशी पाणी किती होतं ते कळायचं. पाखराकडे ती कधी बोट दाखवायची नाही. कोवळ्या काकडीला बोट दाखवलं तर ती कुजते म्हणतात, तसंच. बोट मुडपून, पेराने दाखवायची. मोजायची विसांनी. "तीन वीस आनी चार," असं स्वतःशीच म्हणायची. आकडा कमी भरला की त्या दिवशी आमच्याकडे ताक मागायला यायची नाही.

पाण्याचं तिचं एकच गणित होतं. "पाच फळी. पाचाच्या खाली गेलां की कोलो चालत जाता, पाचाच्या वर गेलां की बांध रडता." म्हणजे पाणी उतरलं तर मधल्या गवताळ उंचवट्यांपर्यंत कोल्हे पायी पोचतात आणि तिथे विसावलेल्या पाखरांना धरतात. चढलं तर बांधाच्या सांध्यांतून झिरपू लागतं. हे माप तिने हळूहळू सगळ्याच गोष्टींना लावलं होतं. शाळेतले जुने मास्तर आजारी होते, त्यांना बघून आली आणि उंबऱ्यावर पाय धुता धुता म्हणाली, "तेंचां दीड फळी रवलां हां." त्या महिन्यात मास्तर गेले. असं तीन-चारदा झाल्यावर आजारी माणसाच्या घरची मंडळी ती येताना दिसली की पुढचं दार लोटून घ्यायची. तिला ते कळत होतं. ती तरीही जायची.

मी एकदा थट्टेने विचारलं, "काकी, माझं किती?"

तिने मला खालून वर पाहिलं. "तुझां पुरतां पाच. पण तू दार कधी उघडूकच नाय मेल्या, पानी जातलां खंयसून?"

माझी बायको चार दिवस हसत होती.

काकीची एक गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक आहे. तारकर्लीकडच्या कुठल्या तरी लॉजवर उतरलेला एक पाहुणा छऱ्याची बंदूक घेऊन आला. कुणाची तरी होडकी मागून घेतली आणि ऐन दुपारी खाजणाच्या मध्यावर जाऊन बसला. काकी बांधावरून त्याला हाका मारत होती. त्याने हात हलवला, हसला आणि एक अडई पाडली. ओहोटी लागली होती. काकीने दारापाशी जाऊन वरच्या तीन फळ्या काढल्या. तासाभरात होडकी चिखलात रुतली. तो खाली उतरायला गेला तर मांडीपर्यंत आत. घाबरून परत वर चढला.

"बस बाबा," काकी बांधावर पाय सोडून बसली. "सा तास. मगे भरती येतली, सोडतंय तुका."

"मी पोलिसांत जाईन!"

"जा मा. चालत जा."

मध्ये तिने लांब वेळूच्या टोकाला किटली बांधून त्याला पेज पोचवली, वर मिठाचा खडाही. मारलेली अडई त्याच्या पायाशी होती. सहा तास तो ऊन आणि ती अडई यांच्यात बसून होता. सुटला तेव्हा बंदूक तिथेच टाकून गेला. ही गोष्ट सांगताना सगळे हसतात, मीही हसायचो. आता मला आठवतो तो काकीचा चेहरा. त्या सहा तासांत ती एकदाही हसली नव्हती. पाणी परत पाच फळ्यांवर येईपर्यंत ती कोल्ह्यांच्या वाटेकडे बघत होती.

मग खाजणाला गिऱ्हाईक आलं. बाहेरच्या कुठल्याशा कंपनीने बांधाला लागून असलेले तुकडे एकेक करून घ्यायला सुरुवात केली. खाजणात भराव घालून तिथे हॉटेल व्हायचं होतं. कागदावर जमीन खारपड, म्हणजे उपयोगात नसलेली. ती पाणथळ आहे, पाखरांची जागा आहे, असं सरकारदरबारी एकदा नोंदलं गेलं की भराव घालता येणार नव्हता. त्यासाठी अर्ज हवा होता, अर्जानंतर साहेबांची पाहणी होणार होती. अर्ज लिहायला काकी माझ्याकडे आली.

आम्ही तीन दुपारी बसलो. ती सांगायची, मी शुद्ध मराठीत घालायचो. मला तो अर्ज चांगला व्हायला हवा होता. नुसतं "येथे पक्षी येतात" असं लिहून काय उपयोग? पाणी कसं धरलं जातं, किती धरलं जातं, दार कसं चालतं, सगळं मी तिला खोदून विचारलं.

"तळातली फळी डाव्या पाचरीवर आसा," ती म्हणाली. "ती पाचर भायर काढली की वरच्ये सगळे आपसूक सुटतत. एका ओहोटीत खाजण रिकामां." मग माझ्या पेनाकडे पाहिलं. "ह्यां लिवचां काय रे, मधू?"

"लिहायला हवं. वाचणाऱ्याला कळायला हवं, किती नाजूक आहे ते."

"वाचणारो कोण?"

"साहेब."

"एकटोच?"

मी हसलो. अर्ज चार प्रतींत टाईप करून घेतला. तिने अंगठा न उठवता सही केली, शे-वं-ती, तीन अक्षरं, तीन श्वासांत. पुढे कार्यालयातून त्या अर्जाच्या नकला कोणाकोणाला दिल्या गेल्या ते मला माहीत नाही. नियमाप्रमाणे हरकतदारांना द्याव्याच लागतात, असं मला नंतर सांगण्यात आलं.

पाहणीची तारीख आली ती मार्गशीर्षाच्या सुरुवातीला, आणि त्याच वर्षी आमची गावपळण होती.

दर काही वर्षांनी आमचा गाव तीन दिवस आणि तीन रात्री रिकामा होतो. देवाला कौल लावतात, म्हणजे मूर्तीला पाकळ्या चिकटवून प्रश्न विचारतात. उजवी पाकळी पडली की होकार. होकार आला की ठरल्या दिवशी माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळं शिवेबाहेर. हिंदू जातात, मुसलमान जातात, बाळंतीण असली तरी जाते. चुली थंड, विहिरींवर दोर नाही. गाव तेवढे दिवस देवाचा. चौथ्या दिवशी मानकरी पुन्हा कौल घेतात आणि मगच लोक परततात. मधल्या काळात आमच्यातला कोणी शिव ओलांडत नाही. चोरी झाल्याचं कोणी ऐकलेलं नाही. घराला कुलूप न लावता लोक निघतात.

त्या वेळचा कौल अमावास्येला धरून आला. पाहणी त्यानंतर आठवड्याने. निघायच्या सकाळी काकी बांधावरून आली तेव्हा मी पोरांची अंथरुणं बांधत होतो. माझ्या मुलीचं लग्न ठरलेलं होतं, घरात त्या सामानाचीच गर्दी.

"उधाणाचे दिवस," ती म्हणाली. "ओहोटी लय खाली जातली."

"दार नीट आहे ना?"

"दार नीट आसा. माणसां नीट आसत काय, ता इचार."

"गावात असणार कोण, काकी?"

"ताच मा," ती म्हणाली.

व्हाळापलीकडच्या, म्हणजे शिवेवरच्या ओढ्यापलीकडच्या माळावर आम्ही माडाच्या झापांच्या झोपड्या घातल्या. पहिला दिवस मजेत गेला. पत्ते, भजन, एकाच चुलीवर दहा घरांची आमटी. काकी मात्र व्हाळाच्या कडेला दगडावर बसून होती. तिथून खाजण दिसत नाही, मध्ये माडांची दाट ओळ आहे. दिसतं ते फक्त खाजणावरचं आभाळ.

दुसऱ्या दिवशी, जेवणं चालू असताना, माडांच्या वर पाखरं उठली. बदकं भर दुपारी उठत नाहीत. ती पाण्यावर माना पाठीत खुपसून झोपलेली असतात. आधी एक थवा उठला, मग सगळेच. वर गोल फिरले, खाली आले आणि न टेकता पुन्हा वर गेले. अडयांची शीळ माळापर्यंत ऐकू येत होती. गुरं माना वर करून बघायला लागली. काकी उभी राहिली.

बापू आमचा मोठा मानकरी. पानावरून उठून हात धुवत होता. ती त्याच्यासमोर गेली.

"बापू, कोणी तरी दार उघडल्यान."

"तुका हयसून दिसला?"

"पाखरां बसनत नाय. पानी चललां."

"घार बिर आसात."

"घारीक इतको येळ उठनत नाय ती. माका जावक होया."

बापूने पंच्याला हात पुसले. तो वाईट माणूस नव्हता. "शेवंते, परवा सकाळी कौल घेतंय. पयलो तुझो प्रश्न इचारतंय, झाला?"

"परवा काय उरात थय? चिखल इचारतलंस देवाक?"

"गावार काय इला तर? पोरांबाळांचो गाव आसा."

भोवती माणसं जमली होती. काकीने वळून माझ्याकडे पाहिलं. मी ताट हातात घेऊन उभा होतो. मला वाटतं, मी काय लिहिलं होतं ते तिला आणि मला एकाच वेळी आठवलं. मी ताट खाली ठेवलं.

"तू येव नको," ती म्हणाली, कोणी काही विचारण्याआधीच. "तुझ्या घरात लगीन आसा."

आणि मी गेलो नाही. ती व्हाळात उतरली, पाणी घोट्याएवढंच होतं, आणि पलीकडच्या पायवाटेने माडांत शिरली. आमच्यापैकी एका बाईने पोराचे डोळे झाकले.

ते दोन दिवस माळावर कोणी पत्ते खेळलं नाही. चौथ्या दिवशी मानकरी देवळात गेले आणि आम्ही सामान बांधून बसलो. कौल येईना. उन्हं चढली, पाणी संपलं, पोरं रडायला लागली. सकाळी मिळणारा होकार तिन्हीसांजेला मिळाला. तोवर माळावरच्या प्रत्येकाला का उशीर होतोय याचं उत्तर मिळालेलं होतं, आणि ते उत्तर एका बाईचं नाव होतं.

गावात शिरल्यावर मी आधी खाजणाकडे धावलो. खाजण करड्या चिखलाचं झालं होतं, मेलेल्या माशांवर कावळे. पण दारापाशी पाणी होतं. खांबांच्या खाचांत दोन मोठी लाकडं आडवी बसवलेली होती, फटींना माती आणि पेंढा. त्यांतल्या एकावर कडी होती. पितळी, मला चांगली माहीत असलेली.

किंजळीच्या फळ्या नेणाऱ्यांनी नेल्या होत्या. काकीने आपल्या घराच्या दाराची दोन्ही झडपं बिजागरीतून उचकटली होती. तिला ती उचलणं शक्य नव्हतं. तिने ती खाडीपर्यंत ओढत नेली, भरतीची वाट पाहिली आणि पाण्यावर तरंगवत, कमरेएवढ्या पाण्यातून ढकलत बांधापर्यंत आणली. घराच्या दाराची उंची आणि बांधाच्या दाराची रुंदी एकच, दोन्ही सासऱ्यांनी एकाच मापाने केली होती. आत तीन फळ्यांएवढं पाणी धरलं गेलं होतं. पाखरू एकही नव्हतं.

तिला मी तिच्या घरात पाहिलं. दार नसल्यामुळे घर रस्त्यावरून आरपार दिसत होतं, आणि ती भिंतीला टेकून बसलेली.

"कोण होते?" मी विचारलं.

"कोण नाय. मी गेलंय तवसर कोण नाय." मग म्हणाली, "पयली डावी पाचर काढल्यानी. बरोब्बर."

मी मान खाली घातली. तिने तो विषय पुन्हा काढला नाही.

गावाने तिला दोष लावला. कोणी ओरडलं नाही, भांडलं नाही. तिच्या अंगणात कोणी येईना, एवढंच. सुतार तिला नवं दार करून द्यायला तयार होईना. आज सागवान नाही म्हणाला, उद्या हाताला लागलं म्हणाला. माझ्या बायकोने दारावर लावायला गोणपाट दिलं, तेही मागच्या बाजूने, अंधार पडता पडता. काकीने ते लावलं नाही. घर तसंच उघडं राहिलं. तिच्या अंगात कणकण होती आणि ती भरतीच्या वेळी बांधावर जातच होती.

तिचा एकच निरोप होता: साहेबांना दुपारी तीननंतर आणा, पाखरं भरतीबरोबर परतू लागली आहेत. मी कार्यालयात फोन केला. साहेबांना दुपारनंतर बांदा गावी दुसरं काम होतं. सकाळी अकराला येतो म्हणाले, आणि अकराला आले.

मानकरी, पंच, कंपनीचा माणूस, मी, असे बांधावर उभे होतो. काकी बांधाच्या दुसऱ्या टोकाला, आमच्यापासून दूर. साहेब भले गृहस्थ होते, बूट सांभाळत चालले होते.

"पाणी आहे थोडं," ते म्हणाले. "पक्षी कुठे आहेत?"

"दुपारी येतात, साहेब," मी म्हणालो.

"हे दार सांभाळतं कोण?"

बापूने खाडीकडे पाहिलं. पंचांनी बापूकडे पाहिलं. दोष लागलेल्या माणसाचं नाव साहेबांसमोर, गावाच्या वतीने, कोणी घ्यायचं? माझ्या जिभेवर ते होतं. मी फक्त हाताने त्या टोकाकडे दाखवलं, आणि साहेबांना वाटलं मी बांधाची लांबी दाखवतोय. त्यांनी ती लिहून घेतली. खाली लिहिलं: पाणी अल्प, पक्षी आढळले नाहीत.

काकी त्यानंतर पाच दिवसांनी गेली. चिखलपाण्यातला ताप, आरोग्य केंद्रातले डॉक्टर म्हणाले, आधी आणायला हवं होतं. खांदा द्यायला चौघे जमले, त्यांतले दोघे खाडीपलीकडचे. आता खाजणाच्या कडेने लाल फडकी बांधलेल्या खुंट्या उभ्या आहेत. कोणी ठोकल्या विचारलं तर मोजणीच्या आहेत एवढंच सांगतात. यंदा पेरणी झाली नाही. बांधाचं दार आता कोण राखणार, हा प्रश्न देवाला अजून कोणी विचारलेला नाही. माझ्या मुलीचं लग्न ठरल्या दिवशी पार पडलं.

पाहणीच्या त्या दुपारी, साहेब गेल्यावर, मी परत बांधावर गेलो होतो. तीन वाजून गेले होते. काकी दारापाशी उकिडवी बसली होती, डोक्यावर पदर, डोळे तापाने लाल. मी जवळ गेलो तशी तिने ओठांवर मुडपलेलं बोट ठेवलं.

उत्तरेकडून एक थवा येत होता. खाली उतरला, पाण्यावरून गेला, टेकला नाही. पुन्हा वळला.

"गाडी गेली काय रे?" तिने हळूच विचारलं.

"गेली."

"बरां झालां. आवाजान बुजतत." मग माझी लुंगी धरून ओढली. "खाली बस. उभो रवलंस तर बसाची नाय ती."

मी तिच्याशेजारी बांधाच्या आडोशाला बसलो. तिला विचारावंसं वाटत होतं, की तिने ऐकलं का, साहेबांनी काय लिहिलं, आणि मी काय बोललो नाही. ती मोजत होती. "एक वीस. एक वीस आनी सात." आमच्या पाठीमागे खाडी चढत होती, आणि पाण्याखाली तिच्या घराचं दार दगडी खाचेत कुरकुरत होतं.